गर्भवतीच्या प्रश्नाला उत्तर कोणी द्यायचे?

नवी दिल्ली : ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले एक प्रकरण अनेकांच्या स्मरणात असेल. दोन मुलांची आई असलेली एक विवाहित महिला सव्वीस आठवड्यांची गर्भवती होती आणि गर्भपाताची परवानगी मागत होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला मानसिक आजार जडला होता आणि त्यावर औषधे चालू होती. बाळ अंगावर पीत असल्याने पाळी आलेली नव्हती. त्यामुळे पुन्हा दिवस गेल्याचे तिच्या फार उशिरा लक्षात आले. ९ ऑक्टोबरला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने परवानगी दिली. ११ ऑक्टोबरला त्याच खंडपीठात मतभेद झाले आणि प्रकरण सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यीय पीठाकडे गेले. या पीठाने 'एम्स'च्या वैद्यकीय मंडळाकडून काही प्रश्नांची उत्तरे मागविली. गर्भात काही व्यंग आहे काय? ही महिला घेत असलेल्या औषधांमुळे पुढील गर्भारपणाला धोका पोहोचेल, असा काही पुरावा आहे काय? गर्भारपणात चालू शकतील अशी पर्यायी औषधे आहेत काय? गर्भात व्यंग आढळत नसल्याचे मंडळाने कळविले आणि १६ ऑक्टोबरला याचिका फेटाळली गेली.

त्यानंतर चर्चा झाली ती स्त्रीचा देहावरील हक्क, गर्भाचा हक्क आणि न्यायालयाची मर्यादा यांची. ती आवश्यकच होती. परंतु या प्रकरणाची एक बाजू चर्चेत आलीच नाही. न्यायालयाने एम्सला जे विचारले, ते घटनात्मक प्रश्न नव्हते. 'मी अमुक गोळी घेत होते, आता दिवस गेले आहेत, बाळाला काही होईल का?' हा प्रश्न देशात रोज असंख्य स्त्रियांना पडतो. 'मूल अंगावर पीत असताना पुन्हा दिवस जातात का?' हा त्याचाच दुसरा भाग. त्याचे उत्तर शास्त्राला ठाऊक आहे. मूल सहा महिन्यांच्या आतील असेल, केवळ अंगावरच्या दुधावर असेल आणि पाळी परतली नसेल, या तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण होत असतील तरच स्तनपानाचा गर्भनिरोधक म्हणून भरवसा धरता येतो. ही माहिती तिच्यापर्यंत वेळेत पोहोचली असती, तर पुढचे काय टळले असते, हे सांगता येणार नाही. मात्र ज्या प्रश्नाचे उत्तर दूरध्वनीवर मिळू शकते तो प्रश्न सव्विसाव्या आठवड्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचतो, तेव्हा उणीव त्या महिलेत नव्हे, व्यवस्थेत असते.

एका दूरध्वनीची यंत्रणा

गर्भाच्या वाढीत बिघाड घडवू शकणाऱ्या औषधाला, रसायनाला, किरणोत्साराला वा संसर्गाला वैद्यकशास्त्रात 'टेरॅटोजेन' म्हणतात. अशा घटकांविषयी गर्भवती, स्तनदा माता आणि त्यांचे डॉक्टर यांना सल्ला देणाऱ्या केंद्रांना 'टेरॅटॉलॉजी माहिती सेवा' असे नाव आहे. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील 'एम्ब्रिओटॉक्स' हे केंद्र १९८८ पासून हे काम करते. पॅरिसमध्ये 'क्रॅट' आहे, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलहून राष्ट्रीय सेवा चालते, टोकियोत राष्ट्रीय बाल आरोग्य केंद्रात २००५ पासून असे केंद्र आहे. अमेरिकेत 'मदर टू बेबी' या नावाने अनेक राज्यांतील केंद्रे एकत्र आली आहेत. युरोपातील केंद्रांनी १९९० मध्ये आपले जाळे उभारले.

या केंद्रांची कार्यपद्धती साधी आहे. गर्भवती किंवा तिचा डॉक्टर संपर्क साधतो. कोणते औषध, किती मात्रेत, गर्भारपणाच्या कितव्या दिवशी, किती दिवस घेतले, आजार कोणता, याची नोंद होते. उपलब्ध पुरावा तपासून उत्तर दिले जाते. ते बहुधा 'काळजीचे कारण नाही' असे असते. कधी 'औषध बदला, पण एकाएकी बंद करू नका' असे असते. क्वचित 'अमुक आठवड्यात विशेष सोनोग्राफी करून घ्या' असे असते. काम येथे संपत नाही. प्रसूतीनंतर केंद्र पुन्हा चौकशी करते आणि बाळाची प्रकृती नोंदवून ठेवते. नव्या औषधांच्या चाचण्यांतून गर्भवतींना सहसा वगळले जाते. त्यामुळे औषध बाजारात येते तेव्हा त्याच्या गर्भावरील परिणामाची माहिती प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांपुरती असते. माणसांतील माहिती जमते ती अशा नोंदींतूनच. आज विचारणाऱ्या स्त्रीचा अनुभव उद्या विचारणाऱ्या स्त्रीचे उत्तर होतो.

यात वेळेला विलक्षण महत्त्व आहे. गर्भाचे बहुतेक अवयव गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतात. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सुमारे ७० टक्के मातांची पहिली तपासणी पहिल्या तीन महिन्यांत झाली. उरलेल्या ३० टक्क्यांची झाली नाही. दरमहा ९ तारखेला मोफत तपासणी देणारे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ मध्ये सुरू झाले. योजना चांगलीच आहे, परंतु तिची आखणी दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील गर्भवतींसाठी आहे. ज्या काळात औषधाची निवड निर्णायक ठरते, तो काळ तोवर उलटून गेलेला असतो.

अज्ञानाची दोन टोके

या सेवांमागे एका शोकांतिकेची आठवण आहे. १ ऑक्टोबर १९५७ रोजी पश्चिम जर्मनीत 'थॅलिडोमाइड' हे झोपेचे औषध बाजारात आले. ते निर्धोक असल्याचा गवगवा झाला आणि गर्भवतींनीही ते घेतले. हातापायांची वाढ खुंटलेली बालके जन्माला येऊ लागली. हॅम्बुर्गचे विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियातील विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी धोक्याची घंटा वाजविल्यानंतर नोव्हेंबर १९६१ मध्ये हे औषध जर्मन बाजारातून मागे घेण्यात आले. तोपर्यंत जगभरात सुमारे दहा हजार बालकांना त्याची बाधा झाली होती. अमेरिकेत मात्र फ्रान्सेस केल्सी या औषध प्रशासनातील अधिकारी बाईंनी कंपनीच्या दबावाला न जुमानता मंजुरी रोखून धरली होती. अमेरिकी काँग्रेसने १९६२ मध्ये औषध कायदा कडक केला आणि अध्यक्ष केनेडी यांनी केल्सी यांचा गौरव केला. एका अधिकाऱ्याने 'पुरावा दाखवा' असे म्हटले की काय घडू शकते, याचा हा धडा आहे.

दुसऱ्या टोकाची कहाणी कमी परिचित आहे. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला. ग्रीसपर्यंत पोहोचलेला किरणोत्सार गर्भाला इजा होईल इतका नव्हता. परंतु अफवा आणि परस्परविरोधी सल्ले यांच्या गदारोळात डॉक्टरांनीही धीर सोडला. पुढील वर्षी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाच्या अंदाजानुसार, हवे असलेले सुमारे अडीच हजार गर्भ त्या देशात भीतीपोटी पाडले गेले. टोरांटोतील 'मदरिस्क' या केंद्राने १९८९ मध्ये असे दाखवून दिले की, निर्धोक औषधे घेतलेल्या स्त्रियासुद्धा बाळात व्यंग असण्याची शक्यता सरासरी २४ टक्के आहे असे समजून चालतात. कोणत्याही गर्भारपणात ही शक्यता मुळात तीन टक्क्यांच्या आसपास असते. सल्ला मिळाल्यावर त्यांची भीती लक्षणीय प्रमाणात कमी झाली. म्हणजे माहितीच्या अभावी एकीकडे घातक औषध घेतले जाते, तर दुसरीकडे निर्धोक औषधाच्या धास्तीने गर्भ पाडला जातो किंवा आवश्यक उपचार थांबविले जातात.

हे जुन्या काळापुरते नाही. २२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी व्हाइट हाउसमधून गर्भवतींना पॅरासिटामॉल टाळण्याचा सल्ला दिला आणि त्याचा संबंध मुलांमधील स्वमग्नतेशी जोडला. जागतिक आरोग्य संघटनेने असा ठोस पुरावा नसल्याचे तातडीने स्पष्ट केले. स्वीडनमधील सुमारे २४ लाख ८० हजार बालकांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केली असता असा संबंध दिसला नव्हता. परंतु सप्टेंबर हा दिल्लीत डेंग्यूचा हंगाम असतो. डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळून पॅरासिटामॉलच द्यावे, असे मार्गदर्शन आहे. गर्भारपणात अंगात ताप राहू देणे हेही धोक्याचे असते. वॉशिंग्टनमधील विधान तासाभरात संगम विहारमधल्या किंवा लातूरमधल्या भ्रमणध्वनीवर येऊन थडकते. त्याचा खरेखोटेपणा सांगणारा क्रमांक मात्र त्या भ्रमणध्वनीत नसतो.

संसदेत हा विषय कोणाचा?

आपल्याकडे काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे आणि ते चोवीस तास दूरध्वनीवर सल्ला देते. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवितो. परंतु पहिले केंद्र विषबाधेसाठी आहे आणि दुसरा कार्यक्रम दुष्परिणाम घडून गेल्यावर त्याची नोंद करण्यासाठी. 'घेऊ की नको' आणि 'घेतली आहे, आता काय' हे विचारण्यासाठी नेमून दिलेली देशव्यापी सार्वजनिक सेवा या यादीत नाही.

ती का नाही, याचे उत्तर कामकाजाच्या वाटपात सापडते. संसदेत प्रश्न विचारायचा तर तो एका मंत्रालयाला उद्देशून विचारावा लागतो. गर्भवतीचा प्रश्न मात्र एका मंत्रालयात मावत नाही. औषधाची मंजुरी आरोग्य मंत्रालयाकडे, औषध उद्योग रसायने व खते मंत्रालयाकडे, कीटकनाशके कृषी मंत्रालयाकडे, कारखान्यातील सुरक्षितता श्रम मंत्रालयाकडे, हवा-पाणी पर्यावरण मंत्रालयाकडे आणि स्तनदा मातेचा पोषण आहार महिला व बालविकास मंत्रालयाकडे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, तर 'औषधे व विषे' समवर्ती सूचीत आहेत. परिणामी प्रत्येक दार दुसऱ्या दाराकडे बोट दाखवू शकते आणि तसे करताना नियमाचा भंगही होत नाही.

या विखुरलेपणाची किंमत आपण यापूर्वी मोजली आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांच्या जादा मात्रेच्या गोळ्या आणि इंजेक्शने एके काळी गर्भधारणेच्या चाचणीसाठी सर्रास दिली जात. गर्भपात होईल या समजुतीनेही घेतली जात. गर्भाला धोका असल्याच्या शंकेवरून १९८२ मध्ये सरकारने बंदीचा आदेश काढला. कंपन्यांनी न्यायालयातून स्थगिती मिळविली. महिला संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते यांनी लढा दिला, सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार जाहीर सुनावण्या झाल्या आणि अखेर जून १९८८ मध्ये बंदी अमलात आली. मधली सहा वर्षे ही औषधे दुकानात मिळत होती. ज्यांनी ती घेतली होती त्यांना पुढे काय करायचे, हे सांगणारे कोणी नव्हते.

दुसरे उदाहरण 'लेट्रोझोल'चे. रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनकर्करोगासाठीच्या या औषधाला २००७ मध्ये आपल्या औषध नियंत्रकांनी स्त्रियांमधील वंध्यत्वावर वापरण्यास मंजुरी दिली. प्रजननक्षम वयात आणि गर्भारपणात ते वापरू नये, असे खुद्द मूळ उत्पादकाचे म्हणणे होते. टीका वाढल्यावर ऑक्टोबर २०११ मध्ये त्या वापरावर बंदी आली. ८ मे २०१२ रोजी ब्रजेश पाठक यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीचा एकोणसाठावा अहवाल दोन्ही सभागृहांत मांडला गेला. औषध नियंत्रण संघटनेच्या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगणाऱ्या या अहवालात लेट्रोझोलचे प्रकरण ठळकपणे आले आहे. समितीचा रोष योग्यच होता. मंजुरीची पद्धत समर्थनीय नव्हती. पण पुढे काय झाले? २०१४ मध्ये अमेरिकेतील ७५० महिलांवरील चाचणीत, बीजकोशाच्या विशिष्ट विकारात हेच औषध प्रचलित औषधापेक्षा सरस ठरले. २०१७ मध्ये आपल्याकडील बंदी उठली. मंजुरी पुरेशा पुराव्याविना, बंदी दबावाखाली आणि बंदी उठविणे परदेशी पुराव्यावर, असा हा दहा वर्षांचा प्रवास आहे. या काळात हे औषध घेऊन माता झालेल्या भारतीय स्त्रियांच्या बाळांची पद्धतशीर नोंद झाली असती, तर उत्तर देण्यासाठी कोणाची वाट पाहावी लागली नसती.

करोनाच्या साथीतही हेच घडले. जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले तेव्हा गर्भवती आणि स्तनदा मातांना वगळण्यात आले. स्तनदा मातांना १९ मे रोजी आणि गर्भवतींना २ जुलै रोजी परवानगी मिळाली. दुसरी लाट या दरम्यान येऊन गेली होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिलेल्या आकडेवारीनुसार, पाहणीतील गर्भवती व नुकत्याच बाळंत झालेल्या बाधित महिलांमधील मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के होते, ते दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के झाले. ही माहिती ज्या नोंदवहीमुळे मिळू शकली ती मुंबईतील परिषदेच्या प्रजनन आरोग्य संस्थेने महाराष्ट्रातील रुग्णालयांच्या साहाय्याने उभारली होती, हे आवर्जून नमूद केले पाहिजे.

तिरुवनंतपुरमचा दाखला

अशी नोंद आपल्याला जमणार नाही, या समजाला त्याहूनही जुने उत्तर केरळने देऊन ठेवले आहे. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून अपस्मार आणि गर्भारपण यांची नोंदवही चालविली जाते. डॉ. संजीव थॉमस यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या उपक्रमात अपस्मार असलेल्या स्त्रियांची नोंद गर्भारपणापूर्वी किंवा त्याच्या प्रारंभी होते, औषधांची मात्रा टिपली जाते आणि मुलांच्या वाढीचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला जातो. बहुसंख्य स्त्रियांना निरोगी मुले होतात, हा त्यातील पहिला निष्कर्ष. 'व्हॅल्प्रोएट' या औषधाचा धोका मात्रेनुसार वाढतो, हा दुसरा. पहिला निष्कर्ष दुसऱ्याइतकाच मोलाचा आहे. फिट येणाऱ्या मुलीचे लग्न आणि मातृत्व यांवर आपल्या समाजात आजही सावट असते, आणि आकड्यांच्या आधारे दिलेला धीर हा कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

व्हॅल्प्रोएटचे महत्त्व ब्रिटिश संसदेने अलीकडे जाणले. या औषधाच्या काळात गर्भात वाढलेल्या सुमारे दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग असते आणि दहापैकी तीन ते चार मुलांच्या बौद्धिक विकासात अडथळे येतात, असे युरोपातील नियामकांचे म्हणणे आहे. 'आम्हाला कोणी सांगितलेच नाही' ही तेथील मातांची तक्रार वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिली. २०१८ मध्ये बॅरोनेस कम्बरलेज यांच्याकडे चौकशी सोपविण्यात आली. जुलै २०२० मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाने यंत्रणेने रुग्णांचे ऐकले नाही, असा स्पष्ट ठपका ठेवला. याच अहवालात 'प्रिमोडोस' या संप्रेरकयुक्त गर्भचाचणी औषधाचाही समावेश होता. आपल्याकडे १९८८ मध्ये बंद झालेल्या औषधांच्याच जातकुळीचे ते होते. प्रिमोडोसच्या दुष्परिणामांविषयी तज्ज्ञांत आजही एकमत नाही, परंतु शंका आल्यावर वेळेत कृती झाली नाही, याबद्दल समितीच्या मनात संदेह नव्हता. त्यानंतर रुग्णसुरक्षा आयुक्तांचे पद निर्माण झाले आणि २०२४ मध्ये आयुक्तांनी व्हॅल्प्रोएटबाधितांना प्रारंभी एक लाख पौंड देण्याची शिफारस केली. माहिती वेळेवर न देण्याची किंमत शेवटी सरकारी तिजोरीलाच मोजावी लागते, हे येथील अर्थ मंत्रालयानेही ध्यानात घेण्याजोगे आहे. भारतात अपस्माराचे एक कोटीहून अधिक रुग्ण आहेत आणि व्हॅल्प्रोएट हे स्वस्त व सर्वत्र मिळणारे औषध आहे. धोका ऐकून घाबरून ते एकाएकी बंद करणे आईच्या जिवावर बेतू शकते. म्हणूनच नुसता इशारा छापून भागत नाही. सल्ला देणारा माणूस लागतो.

दूध तोडण्याचा सल्ला

स्तनपानाच्या बाबतीत चूक बहुधा उलट्या दिशेने होते. बाळंतिणीला ताप आला, प्रतिजैविक सुरू झाले की 'आता काही दिवस अंगावर पाजू नका' हा सल्ला डॉक्टर, औषधविक्रेता किंवा शेजारीण यांपैकी कोणीही देते. वास्तविक बहुसंख्य औषधे दुधात अत्यल्प प्रमाणात उतरतात. कर्करोगाची औषधे, किरणोत्सारी आयोडीन, कोडीनसारखी काही वेदनाशामके असे अपवाद आहेत आणि ते माहीत असणे आवश्यक आहे. पण अपवादाच्या भीतीने नियम मोडला जातो. दूध आटते, बाटली येते आणि अस्वच्छ पाण्यातून आजार येतात. बाळाच्या कृत्रिम दुधाच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा संसदेने १९९२ मध्ये केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. एवढे करूनही, २०१९-२१ च्या पाहणीनुसार सहा महिन्यांपर्यंत निव्वळ स्तनपान मिळणाऱ्या बाळांचे प्रमाण ६३.७ टक्केच होते. जाहिरातदाराचे तोंड कायद्याने बंद करता येते. चुकीच्या सल्ल्यावर मात्र अचूक सल्ला हाच उपाय असतो.

औषधांपलीकडचे घटकही आहेत. मुंबईतील १,२१७ महिलांच्या अभ्यासात, गर्भारपणात मिश्री वा तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. २००४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मिश्रीने दात घासणाऱ्या बाईला आपण 'व्यसन' करतो आहोत असे वाटतच नाही, त्यामुळे ती डॉक्टरला ते सांगतही नाही. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीच्या वेळी कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या ८६५ गर्भवतींच्या पाहणीत ४३ टक्के गर्भारपणांतून जिवंत मूल जन्मले नाही. केरळच्या कासारगोडमध्ये काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली आणि २०१७ मध्ये बाधितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. या दोन्ही ठिकाणी गर्भवतींना आधी कोणी काही सांगितले नाही आणि नंतर विचारायला जागा नव्हती.

काय करता येईल?

अशा सेवेचे धोकेही आहेत आणि ते लपविण्यात अर्थ नाही. ज्या टोरांटोच्या 'मदरिस्क'ने १९८५ पासून जगाला वाट दाखविली, त्याच्याच प्रयोगशाळेतील केसांच्या चाचण्या अविश्वसनीय असल्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये एका स्वतंत्र चौकशीने काढला. मातेच्या व्यसनाचा पुरावा म्हणून या चाचण्या बालसंरक्षणाच्या प्रकरणांत वापरल्या गेल्या होत्या. पुढच्या आयोगाने १,२०० हून अधिक प्रकरणे तपासली आणि ५६ कुटुंबांवर या चाचण्यांचा मोठा परिणाम झाल्याचे २०१८ मध्ये सांगितले. दूरध्वनी सेवाही २०१९ मध्ये बंद पडली. सल्ला देणारी संस्था आईवर पाळत ठेवणारी होता कामा नये आणि तिचे काम बाहेरच्या तज्ज्ञांनी नियमित तपासले पाहिजे, हा त्यातील धडा आहे. गर्भलिंग निदानाचा कटू अनुभव गाठीशी असलेल्या आपल्या देशात गर्भवतीच्या नोंदींची गुप्तता हा तर कळीचा मुद्दा ठरेल. औषध कंपन्यांच्या पैशावर ही सेवा चालू नये, हेही उघड आहे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. मानसिक आरोग्यासाठी २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात 'टेली-मानस'ची घोषणा झाली आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी ही दूरध्वनी सेवा सुरूही झाली. राज्याराज्यांत, स्थानिक भाषांत, एकाच लघुक्रमांकावर ती चालते. त्याच धर्तीवर एम्समधील औषधशास्त्राची जाण, श्री चित्रा संस्थेचा नोंदीचा अनुभव आणि मुंबईच्या प्रजनन आरोग्य संस्थेचे जाळे एकत्र आणता येईल. सुमारे दहा लाख आशा कार्यकर्त्या देशभर आहेत. प्रश्न गोळा करण्याचे आणि उत्तर घरापर्यंत नेण्याचे काम त्यांच्यापेक्षा चांगले कोण करणार? मात्र त्यांच्यावर आणखी एक नोंदवही लादण्यापूर्वी त्यांच्या मानधनाचा विचार झाला पाहिजे. आरोग्यविषयक स्थायी समिती अनुदानाच्या मागण्यांची छाननी करते, तेव्हा 'ही जबाबदारी कोणत्या विभागाची?' एवढा एक प्रश्न तिने लेखी विचारला, तरी मंत्रालयांची टोलवाटोलवी निदान कागदावर येईल.

गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. काही प्रवर्गांतील स्त्रियांसाठी मुदत वीसवरून चोवीस आठवड्यांवर गेली आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास निर्णय वैद्यकीय मंडळाकडे आला. दोन्ही सभागृहांत त्यावर चर्चा झाली. हक्क, करुणा, नैतिकता यांवर सदस्य बोलले. परंतु मंडळापुढे जाण्याची वेळ येऊ नये, म्हणून पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्या स्त्रीला काय सांगायचे आणि कोणी सांगायचे, हा प्रश्न मागेच राहिला. आठवड्यांची मुदत कायद्याने वाढविता येते. गर्भाचे अवयव मात्र आपल्या मुदतीत घडतात आणि ती मुदत कोणतीही दुरुस्ती वाढवू शकत नाही. देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळे जन्माला येतात. त्यांच्या आयांपैकी प्रत्येकीला सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. एक दूरध्वनी मात्र प्रत्येकीला करता आला पाहिजे.